कपाटावरची बॅग

"बॅग कपाटावर ठेवू नका हो. वापरा. वापरली तर टिकेल."

हे वाक्य माझ्या भावजींनी एकतीस वर्षांत किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. चेन बसवून झाली, चाक फिरवून बघितलं, की बॅग हातात देता देता हे यायचंच. कारणही सांगायचे. चाकाचं रबर चालून झिजलं तर हरकत नाही, पण पडून राहिलं की आतल्या आत सडतं. वरून दिसायला धडधाकट, आणि ऐन प्रवासात हातात भुगा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि घरी जाऊन बॅग कपाटावरच टाकायचं. वर्षभरानं परत यायचं. मी भावजींना म्हणायचे, "कशाला लोकांना शहाणं करता? सगळ्यांनी ऐकलं तर उपाशी मराल."

"ऐकतंय कोण," ते हसून म्हणायचे.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, माझं बरोबर त्याच्या खाली. मी शाळेत शिकवते, आणि पंचवीस वर्षं वर्गावर ओरडून माझा आवाज आणि स्वभाव दोन्ही चढेच राहिले आहेत. भावजी मला हेडमास्तर म्हणतात. मी त्यांना तोंडावर काय काय बोललेय ते लिहायला बसले तर वेगळी वही लागेल. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि वर विचारायचे, "झालं? आता चहा टाक." तेव्हा पुढचं सगळं एका भांडखोर मेहुणीनं सांगितलेलं आहे, हे धरून चाला.

त्यांचं दुकान म्हणजे एक किल्लीवाला आणि एक औषधाचं दुकान यांच्यामधली फट. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. भिंतीला हुकांवर टांगलेल्या बॅगा, खाली बिस्किटांच्या जुन्या डब्यांत मापाप्रमाणे लावलेले चेनचे रनर, रिवेट, चाकं, हँडलाची बटणं. हाताशी पक्कड, दाभण आणि दोरा ओढून ओढून खाच पडलेला मेणाचा गोळा. लोक त्यांना चेनवाले म्हणत. नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

या धंद्यात एक गोम आहे. जग सुट्टीवर निघतं तेव्हा बॅगवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. सुट्ट्या लागायच्या आधी महिनाभर लोक कपाटावरच्या बॅगा काढून आणतात, आणि सुट्ट्या संपल्या की मोडक्या बॅगा घेऊन येतात. तोवर पुढच्या सुट्टीचे लोक दारात. भावजी त्याला सीझन म्हणायचे. वर्षातून तीन सीझन, आणि मध्ये जे रिकामे दिवस उरत ते असे की तेव्हा कुठे जाऊन काही बघण्यासारखं नसतं.

लग्न ठरलं तेव्हा भावजी आमच्या घरी आले होते. मी शाळकरी, पडद्याआडून ऐकत होते. ताईनं विचारलं, "तुम्हाला कशाची आवड आहे?" भावजी म्हणाले, "माझ्याकडे रोज परदेशातून बॅगा येतात. एकदा आपलीही पाठवू. आपल्यासकट." ताई त्या 'आपल्यासकट'ला भुलली. मी तिला पुढे कितीदा म्हटलं, एका शब्दावर लग्न केलंस. ती म्हणायची, "शब्द चांगला होता ना पण."

शब्द चांगला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षी दुकान नवीन होतं. दुसऱ्या वर्षी मशीन घेतलं. तिसऱ्या वर्षी सीझनच असा लागला की जेवायला वेळ नाही. दर वर्षी एकच पालुपद, "हा सीझन होऊ दे." माणूस वाईट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. एखाद्या बाईची बॅग संध्याकाळच्या विमानाआधी हवी म्हटलं की हा दुपारचा डबा तसाच परत आणायचा. जगाला वेळेवर पोचवण्याचा यांनी जणू मक्ता घेतला होता, आणि घरचं माणूस मात्र वाट बघत बसलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ताई घरी अस्तरं शिवायची. फाटलेलं अस्तर भावजी काढून आणत, ती खिडकीपाशी मशीनवर नवीन बेतून द्यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, दुपार मोठी होती. प्रत्येक अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ती लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. भावजींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी नाही तर माझा टाका तरी जाऊन येईल." हे तिनं हसत सांगितलं होतं. भावजीही हसले होते. मला हसू आलं नव्हतं, पण तेव्हा मला विचारलं कोणी.

पंधरा वर्षांपूर्वी दुकानात एक निळी बॅग आली. मोठी, चांगल्या कापडाची, एक चाक गेलेलं. मालक परत आलाच नाही. दोन वर्षं वाट बघून भावजींनी ती ताईसाठी केली. चारही चाकं नवीन, हँडल नवीन, ताईनं शिवलेलं पिवळं अस्तर. 'आपली' बॅग म्हणून ती वाजतगाजत घरी आणली आणि कपाटावर ठेवली. होय, कपाटावर. ताई दर रविवारी ती पुसायची. तिच्यात हळूहळू सामानही साठलं. दोन स्वेटर, लोकरी मोजे, टोपी, प्रवासाचा साबण. कपाटाच्या दाराला आतून एका कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. बर्फाचे डोंगर, खाली तळं, तळ्यात पांढरी बोट. त्या वर्षाचं कॅलेंडर केव्हाच संपलं, पान राहिलं.

शेवटी एकतिसाव्या वर्षी भावजींनी तिकिटं काढली. त्याच तळ्याची. सहा रात्री. पासपोर्ट झाले, फोटोत दोघंही पकडून आणल्यासारखे दिसत होते. ताईनं ते पासपोर्ट मला तीनदा दाखवले. निघायला सोळा दिवस असताना तिचे पाय सुजले. आम्हाला वाटलं, धावपळीनं असेल. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणखी कसले कसले फोटो काढले आणि सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. आठवड्यातून तीन दिवस मशीनवर यायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी चार तास. रक्त बाहेर काढून धुऊन परत आत. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं भावजींना कागदावर चित्र काढून समजावलं. भावजींनी एकच विचारलं, "आणि सहा रात्री?"

डॉक्टर म्हणाला, "फार तर एक रात्र. शनिवारी जा, रविवारी या. सोमवार चुकता कामा नये."

मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात भावजींना जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे. "तुमच्या सीझननं माझ्या ताईचा जन्म खाल्ला," मी म्हटलं. "जगाच्या बॅगांना चाकं लावलीत आणि हिला घरात बसवून ठेवलीत." आजूबाजूची माणसं बघत होती. मी थांबले आणि सवयीनं वाट बघितली, की आता म्हणतील, झालं? चहा टाक. ते जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरून गेले. ते दिसेनासे झाल्यावर मला कळलं की आपण फार बोललो, आणि तरीही एक अक्षर मागे घ्यावंसं वाटलं नाही.

तळ्याची कल्पना ताईचीच. आमच्या गावाला एक तळं आहे. नऊ नंबरच्या बसचा शेवटचा थांबा, घरापासून पस्तीस मिनिटं. लोक दुपारी डबा घेऊन जातात आणि दिवेलागणीला परत येतात. तिथे एक लॉज आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

"तिथे काय आहे?" भावजी म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, सरळ दिसत होतं. "बर्फ नाही, काही नाही."

"तळं आहे ना? बोट आहे ना?" ताई म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण एक सांगते. परदेशी जाताना जे जे करतात ते सगळं करायचं. निळी बॅग घ्यायची. पासपोर्ट घ्यायचे. नळ, गॅस, खिडक्या बघून कुलूप लावायचं. आणि तुमची पक्कड, दाभण, मेण, सगळं घरी राहील. सुट्टी म्हणजे सुट्टी."

"आणि दुकान?"

ताईनं नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

ऐन सीझनात दुकानाच्या शटरवर पुठ्ठा लागला, 'मालक सुट्टीवर आहेत.' किल्लीवाला तो वाचून धावत वर आला, घरात काही बरंवाईट झालं की काय म्हणून. एकतीस वर्षांत असं कधी झालंच नव्हतं. घराची किल्ली त्याच्याकडेच ठेवायला दिली. मी म्हटलं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." तो म्हणाला, "माझ्याकडे नसती दिली तरी मला काय अवघड होतं?" ताई खळखळून हसली. किती तरी दिवसांनी.

मलाही बरोबर घेतलं. मशीनच्या नळीसाठी तिच्या डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली होती, त्या हाताला धक्का लागू द्यायचा नव्हता, आणि गोळ्यांच्या वेळा भावजींच्या डोक्यात राहत नव्हत्या. नवराबायकोच्या सहलीत मेहुणी, शोभत नाही, मी म्हटलं. ताई म्हणाली, "तुझी खोली वेगळी घेऊ. शेजारची. कान मात्र घरी ठेवून ये."

कान काही मी घरी ठेवले नाहीत.

शनिवारी सकाळी बसमध्ये ताई खिडकीशी बसली. रोजचे रस्ते, औषधाचं दुकान, शाळा, पाण्याची टाकी, सगळं ती असं बघत होती की मला क्षणभर वाटलं, हिनं हे कधी पाहिलंच नाही. शेवटच्या थांब्यावर उतरलो. लॉजपर्यंत दोनशे पावलांचा खडीचा रस्ता. भावजींनी बॅगेचं हँडल वर ओढलं. ते झकास वर आलं. ताईला म्हणाले, "घे, तूच ओढ. तुझी आहे." तिनं उजव्या हातात हँडल घेतलं आणि चालायला लागली. पंधराएक पावलं. बॅग डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग चालेचना. आम्ही वाकून बघितलं. चाकाचं रबर शिळ्या पावासारखं तुटून खडीवर सांडलं होतं. एकाचं नाही, चारही चाकांचं. आत नुसते पांढरे प्लास्टिकचे गाभे. त्या चाकांनी एकदाही प्रवास केला नव्हता.

भावजी रस्त्यात बसले. त्यांनी रबराचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली, जणू ते जोडता येणार होते. खिशात पक्कड चाचपली, नव्हती. मग ते तुकडे मुठीत धरून तो छपन्न वर्षांचा माणूस हमसून हमसून रडायला लागला. "सगळ्या जगाला सांगतो," ते म्हणत होते, "सगळ्या जगाला सांगतो, कपाटावर ठेवू नका." मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघत होते. जिन्यात बोललेलं सगळं तेव्हा मला एकेक करून आठवलं.

ताईला खाली बसता येत नव्हतं. तिनं उभ्यानंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "उठा आता," ती म्हणाली. "माझी चाकं गेली, तिची गेली. दोघींना तुम्हीच उचला."

भावजींनी बॅग खांद्यावर घेतली आणि दुसरा हात तिला दिला.

लॉजवाली बाई चष्म्यावरून बघणारी, वहीत सगळं नीट लिहिणारी. ओळखपत्र मागितलं. ताईनं पासपोर्ट पुढे केले. बाईनं पानं उलटली. "कोरा आहे की."

"सुरुवात तुमच्यापासून," ताई म्हणाली.

"आलात कुठून?"

"लांबून," ताई म्हणाली. "फार वर्षं लागली."

बाईनं वहीतला पत्ता वाचला आणि आमच्याकडे बघितलं. नऊ नंबरची बस तिच्या दारातच फिरत होती. पण शहाणी होती. म्हणाली, "दमला असाल मग. तळ्याकडची खोली देते."

दुपारी बोटीत बसलो. पांढरी नव्हती, हिरवा रंग उडालेली होती, आणि वल्हवणाऱ्या म्हाताऱ्याला खोकला होता. ताईनं टोपी घातली, उकडत होतं तरी. लोकरी मोजे घालायचा हट्ट मी मोडून काढला. मध्यावर गेल्यावर ती म्हणाली, "जरा थांबवा." वल्ही थांबली. पाणी बोटीला हलकं हलकं लागत होतं. ती पाण्यात बोटं घालून बसली. भावजी तिच्याकडे बघत होते. कॅलेंडरवर होतं त्यातलं एवढंच काय ते मिळालं. तिला तेवढं पुरलं असं मी म्हणणार नाही. मला ते खरं वाटत नाही.

तिला दिवसाला मोजकं पाणी होतं. बाटलीवर पट्टी चिकटवून मी खुणा केल्या होत्या. त्या दिवशी तिनं दुपारभर ओठ ओले करण्यापुरतंच घेतलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, "आता अख्खा कप चहा. पूर्ण. सज्जात बसून." सज्जातून तळ्यापलीकडे आमचं गाव दिसत होतं. उन्हं उतरत होती आणि पाण्याची टाकी, दवाखान्याची गच्ची, आमच्याच घरांच्या रांगा नव्या रंगवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांचा सज्जा आणि माझा सज्जा यांच्यात एक पातळ फळी होती.

"ते कुठलं हो गाव?" ताई म्हणाली.

"कोण जाणे," भावजी म्हणाले. त्यांना जरा उशिरा समजलं, पण समजलं. "छान दिसतंय."

"तिथली माणसं कशी असतील?"

"कामसू. सुट्टी म्हणून घेत नाहीत."

"मूर्ख आहेत मग," ताई म्हणाली.

भावजींनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भावजींनी विचारलं, "एक विचारू? माझा राग आहे तुला?"

मी फळीला कान लावला. ताईचं उत्तर मला माहीत होतं, नाही हो, काहीतरीच काय. तीस वर्षं मी तिची हीच सारवासारव ऐकत आले होते.

"आहे," ताई म्हणाली.

"किती?"

"खूप. एकतीस वर्षांचा आहे, थोडा कसा असेल?"

"मग बोल ना. काढ बाहेर."

"इथे नाही. इथे मी सुट्टीवर आलेय. घरी गेल्यावर रागावेन. एकेक वर्ष काढून रागावेन, तयारीत राहा."

"राहतो," भावजी म्हणाले. मग म्हणाले, "चहा टाक म्हणणार नाही."

रविवारी संध्याकाळच्या बसनं परत आलो. सोमवारी सकाळी ताई मशीनवर. भावजींनी दुकान उघडलं आणि सीझनच्या सगळ्या बॅगा बाजूला सारून आधी निळीला चाकं लावली. होती नव्हती ती सगळ्यात चांगली. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार ठरवला, लॉजवालीला फोनही केला. बॅग कपाटावर गेली नाही. रोज सकाळी ते ती पॅसेजमध्ये चार फेऱ्या फिरवायचे, चाकं चालती राहावीत म्हणून. खाली माझ्या छतावर गडगड वाजायचं.

आणि रोज संध्याकाळी लवकर शटर ओढून घरी यायचे, हातपाय धुऊन ताईसमोर खुर्ची घेऊन बसायचे. "आज?"

"आज नको," ताई म्हणायची. "आज मशीनचा दिवस, दमलेय." दुसऱ्या दिवशी, "आज बरं वाटतंय, बरं वाटत असताना कशाला?" ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. निकालाची वाट बघणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. असं कोणी बसलेलं पाहिलं नाही.

मी तिला म्हटलं, "माफ करून टाक ना त्यांना. किती वाट बघायला लावशील?"

"माफ करणारच आहे," ती म्हणाली. "पण आधी रागावू दे. न रागावता माफ केलं तर ते काय खरं? त्यांनाही कळेल. ओळीनं होऊ दे सगळं." मग उशीवर डोकं टेकून म्हणाली, "पण रागवायलाही अंगात जोर लागतो गं. एवढा मोठा राग काढायचा म्हणजे दोन दिवस तरी धड हवेत."

ते दोन दिवस आले नाहीत. सहलीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी मशीनला निघताना ती चप्पल घालायला दारात वाकली आणि वर आलीच नाही. भावजी जिन्यात रिक्षा आली का बघत होते. मी माझ्या दारात तिच्या गोळ्यांचा डबा घेऊन उभी होते. शनिवार-रविवारची सुट्टी मशीनच्या माणसाला जड जाते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सुट्टी हाच शब्द वापरला त्यांनी.

महिन्यानं दुकान उघडलं. मी शाळेतून येताना रोज थर्मासमध्ये चहा घेऊन जाते. दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही. भावजी काम करतात, पण चुका होतात. एकाची बॅग दुसऱ्याला दिली. एकदा चेन उलटी बसवली. पूर्वीची मी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता मी काही बोलत नाही. किल्लीवाला एकदा हळूच मला म्हणाला, "बाई, जरा रागवा हो त्यांच्यावर. फार शांत झालंय इथे."

गेल्या बुधवारी गेले तर शटर अर्धं खाली. आत भावजी एक जुनी तपकिरी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. अस्तर बदलायला आली होती. कुठल्या कुठल्या विमानांच्या चिठ्ठ्यांचे तुकडे हँडलाला अजून चिकटलेले. जुनं अस्तर काढायला त्यांनी कोपरा उलटा केला होता, आणि तिथे लाल टाका होता. कात्री बाजूला पडली होती.

"ही बॅग कुठे कुठे जाऊन आलीय माहितेय?" ते म्हणाले. "मी विचारलं त्यांना. बारा देश."

मी थर्मास खाली ठेवला.

"हेडमास्तर," ते म्हणाले, "ती रागावायची राहिली गं. मी रोज बसत होतो. तिनं तुला सांगितलं असेल ना, काय काय बोलणार होती ते? तू बोल. तिच्या वाटचं तू बोल."

"भावजी, नको."

"बोल. मला मधेमधे वाटतं की तिला रागच नव्हता, आणि मग मला वेड लागायची पाळी येते. बोल तू."

मग मी स्टुलावर बसले. वर्षं मला पाठ होती. ती एकेक गेली तेव्हा मी खालच्या मजल्यावरच होते.

"पहिल्या वर्षी दुकान नवीन आहे म्हणालात."

"हो."

"दुसऱ्या वर्षी मशीन घेतलंत."

"हो."

"तिसऱ्या वर्षी तिनं स्वेटर विणला होता, आणि तुम्ही म्हणालात, हा सीझन होऊ दे."

"हो."

सातव्या वर्षापाशी माझा आवाज फुटला. भावजी लाल टाक्यावर अंगठा ठेवून बसले होते. "थांबू नको," ते म्हणाले. "अजून चोवीस आहेत."

मी थांबले नाही. एकेक काढलं. काही वर्षं ओरडून, काही रडून. अठराव्या वर्षी निळी बॅग घरी आली आणि कपाटावर गेली, तेही काढलं. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, शटर बघून उभं राहिलं, आणि किल्लीवाल्यानं त्याला परत पाठवलं. प्रत्येक वर्षाला भावजी हो म्हणत होते. एकतिसाव्या वर्षी तिकिटं काढलीत, मी म्हटलं, आणि सोळा दिवस उशीर झाला. ते म्हणाले, "हो."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. ओळीनं होऊ दे, आधी राग, मग माफी, असं ताई म्हणाली होती, हे मीच त्यांना तेराव्या दिवसाच्या आत कधीतरी रडता रडता सांगून बसले होते. राग झाला होता. आता जे यायचं होतं त्याची ते वाट बघत होते, खुर्चीत ताईसमोर बसायचे तसेच, हात मांडीवर ठेवून.

मी तोंड उघडलं. ते ताईचं होतं. ते माझ्याकडे देऊन ती गेली नव्हती.

"पुढचं मला येत नाही, भावजी," मी म्हटलं.